थंड हवेची ठिकाणं आणि आपले हुतूतूचे संघ

गणू, लेका, संचारबंदीत कोणी मैदानाला चुन्याची फक्की मारायला जातं का?

हे मी तुला तिथंच विचारलं होतं. तू पडला होतास आणि मी धावत आलो, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं, तेही शिवी घालून. चाळीतल्या तळमजल्याच्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. माणूस गेल्यावर आधी रडू यायला हवं. मला राग आला. अजून तोच येतोय. जेवायला बसलो की येतो, दाढी करायला आरशासमोर उभा राहिलो की येतो.

मधली रेषा तू पुरी केली होतीस. एकदम सरळ, दोरी लावून मारलेली. पलीकडची, चढाईत ओलांडायची निदान रेषा अर्ध्यावर होती आणि तिथं चुन्याचं डबडं उलटलेलं. गोळी कुठून आली ते अजून कोणी धड सांगत नाही. कोणी म्हणतं नाक्यावरून, कोणी म्हणतं गिरणीच्या भिंतीला आपटून वळली. मला काय करायचंय? इकडून आली काय न् तिकडून आली काय, तुला लागली.

रेडिओवर मुंबई केंद्राकडे ठेवणार म्हणून सांगितलं आणि लालबाग-परळ पेटलं. संचारबंदी लागली तरी माणसं नाक्यावर उतरली. मीही उतरलो, आपल्या संघातले बाकीचे पाचही उतरले. सातवा गडी तू. तुला यायचं नव्हतं, कारण काकीनं, तुझ्या आईनं, मागच्या गोळीबारानंतर तुझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून शपथ घातली होती, मोर्च्यात जायचं नाही म्हणून. तू आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आलास आणि म्हणालास, "जावा तुम्ही. मी रविवारच्या सामन्याचं बघतो." मला वाटलं बनियन धुशील, फार तर चेंबूरच्या संघाला सामना पुढं ढकलल्याचा निरोप धाडशील. सामन्याचं बघतो म्हणजे हे?

काल रात्री झोप नव्हती म्हणून मी आपले सगळे संघ ओळीनं आठवत पडलो होतो. तू लावून दिलेल्या ठिकाणांसकट.

आख्ख्या चाळीत थंड हवेचं ठिकाण बघितलेला तू एकटा. आम्ही सगळे गिरणीच्या साचेखात्यातली, मागांवरची वाफ खाऊन मोठे झालो. तू गिरगावातल्या खानावळीत आमटी-भात करायचास आणि सीझन आला की मालक तुला वर कुठल्या तरी हॉटेलात धाडायचा. कधी माथेरान, कधी महाबळेश्वर, एक वर्ष पाचगणी. आम्ही विचारायचो, "काय रे, काय बघितलंस?" तू म्हणायचास, "बघतोय काय? खिडकीतून दिसतं तेवढं. खिडकीला धूर."

पण त्या धुराच्या खिडकीतून तू जे बघत होतास ते पाहुण्यांना जन्मात दिसलं नसेल. हे तोंडावर कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू आठवडाभर चाळीतनं छाती काढून फिरला असतास.

सुरुवात झाली ती गिरणीमालकाच्या संघाबरोबर आपण पहिल्यांदा हरलो तेव्हा. त्यांचे नवेकोरे बनियन, बसायला सतरंजी, अंगाला तेल लावायला माणूस, मध्यंतराला सोललेली मोसंबी. आपण घामानं निथळत गिरणीच्या भिंतीला टेकलो होतो आणि तू म्हणालास, "सद्या, हे महाबळेश्वर आहे."

"कोण?"

"हा संघ. सगळं थाटात. पण सकाळी धुकं पडतं ना तिथं, तेव्हा दोन हातांवरचा माणूस ओळखू येत नाही. ह्यांचं बघ. सातही गडी सात ठिकाणांहून उचलून आणलेत. पकड आली की एकमेकांची नावं आठवत नाहीत ह्यांना."

मी म्हटलं बरोबर, पुढच्या वेळी ह्यांना धुक्यातच गाठू. पुढच्या वेळी त्यांनी आपल्यावर दोन लोण चढवले, आख्खा संघ दोनदा बाद. मी तुझ्याकडे असं बघितलं की तू हसू दाबत म्हणालास, "अरे, थाट महाग असतो तो काय उगाच असतो?"

मग ते वेडच लागलं. सामना संपला की गॅलरीत बसून प्रत्येक संघाला ठिकाण लावायचं. गिरगावचा संघ माथेरान. "तिथं टांगा नाही, मोटार नाही. कोणाला घाई नाही. ह्यांचा एक तरी गडी धावताना बघितलास? पन्नाशीला आलेले बाप्ये चढाईला असे येतात जसे देवळात चाललेत. तुला वाटतं काहीच झालं नाही. घरी येऊन न्हाणीत बसलास की कळतं, तांबडी धूळ कानात गेलीय." आणि खरंच, गिरगाववाल्यांकडून मी कधी बाद झालो ते मला एकदाही कळलं नाही. पंच हात वर करायचा तेव्हा कळायचं.

माटुंग्याचे कॉलेजवाले पाचगणी. तिथली शाळेतली पोरं ओळीनं चालतात आणि दूध पिऊन वेळेवर झोपतात, असं तू सांगितलंस. हे कॉलेजवाले पंचानं सांगायच्या आधी स्वतःच बाद म्हणून बाहेर जायचे. मी म्हणायचो, मूर्ख आहेत. तू चिडायचास. "मूर्ख नाहीत. त्यांना कोणी बघत नसलं तरी ते तसेच खेळतात. तुझं काय, पंच वळला की तुझा पाय रेषेबाहेर." त्यावर आपलं दोन दिवस बोलणं नव्हतं. पाय रेषेबाहेर नव्हता, गणू. आजही सांगतो. नव्हता.

दादरचा संघ लोणावळा. "पुण्याला जाणारा प्रत्येक माणूस तिथं उतरतो, चिक्की घेतो नि पुढं जातो. उपांत्य फेरीत सगळ्यांना दादरच हवं असतं." वरळी कोळीवाड्यावर मात्र तू अडलास. एक महिना त्यांना कुठलंच ठिकाण बसेना. मग एकदा त्यांच्याकडे सामना झाला, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासात, आणि त्यांच्या पोरानं आपल्या तिघांना एका दमात लोळवलं. परत येताना भोईवाड्याशी आल्यावर बोललास, "त्यांना डोंगर कशाला पाहिजे? वरची थंड हवा त्यांच्याकडनंच जाते."

मी साच्यावर उभा असायचो, कानठळ्या बसायच्या, शेजारचा ओरडला तरी ओठ हलताना दिसायचे फक्त. तेव्हा मी मनात माथेरानची ती वाट चालायचो. मी तो डोंगर कधी चढलेला माणूस नाही. पण मला वाट पाठ होती, कारण तू सांगितली होतीस. मोठ्या दगडाशी माकडं, पुढं वळण, पुढं घोडेवाल्यांचा चहा. धाग्याला गाठ मारताना कधी कधी मला खरंच गार वाटायचं. एवढं मला दुसऱ्या कोणी दिलेलं नाही. आता तुला सांगून काय उपयोग, पण सांगतो. माझ्या बापानं दिलं नाही, गिरणीनं तर नाहीच नाही.

फक्त आपल्या संघाचं तू कधी सांगितलं नाहीस.

मी हात धुऊन मागं लागलो होतो. पन्हाळा म्हण, मी सांगितलं. बुरूज, तटबंदी, कोणाला आत येऊ देत नाही. तू एवढा हसलास की डाळीत पळी पडली. "तटबंदी? तुझा उजवा कोपरा बघितलास काय कधी? तिथनं बैलगाडी जाईल." मग मी आंबोली म्हटलं, काकीच्या गावाकडची. पाऊस पडतो, जंगल आहे, कोणाला ठाऊक नाही. तू म्हणालास, "आंबोलीला मला कोणी कामावर ठेवलं नाही, मला काय माहीत?" आणि नेहमीचं ते, "अजून बघतोय."

काय बघत होतास रे? आमच्यात राहून, आमच्यात खेळून, काय बघायचं उरलं होतं?

आपलं खरं भांडण दुसरंच होतं. सगळ्या चाळीला पाठ होतं ते. तुझं म्हणणं, ठिकाणाचा स्वभाव रिकामं असताना कळतो. सीझनच्या आधी झाडलोट करायला, भांडी घासून घ्यायला तुम्हाला लवकर वर पाठवायचे. खुर्च्या उलट्या टाकलेल्या, व्हरांड्यात पाला, हाक मारली तर उत्तर द्यायला माणूस नाही. "तेव्हा माथेरान कोणासाठी नटलेलं नसतं, सद्या. तेव्हा खरं दिसतं." आणि संघाचंही तेच. तू सामने बघायला कधी गेला नाहीस. सराव बघायला गेलास. भल्या पहाटे दादरपर्यंत चालत जाऊन त्या लोणावळेवाल्यांचा सराव बघून यायचास.

मी म्हणायचो, साफ खोटं. गर्दीशिवाय संघच नाही. चाळीची गॅलरी ओरडायला लागली की माझा दम लांबतो, हे मी अनुभवलंय. रिकाम्या मैदानात मी चार पावलंही नीट टाकत नाही. माणूस माणसांत असला की तो कोण आहे ते कळतं, एकटा असला की काय, भिंतीला टेकलेला बांबू. तू म्हणायचास, "गर्दीतला सद्या वेगळा, एकटा सद्या वेगळा. मला एकटा बरा वाटतो." मी म्हणायचो, "मग तू माझ्याशी लग्न कर." चाळ हसायची आणि भांडण तिथंच राहायचं.

मोर्च्याचंही तेच झालं. तू विरोधात नव्हतास, हे मी कोणालाही ठणकावून सांगेन. मुंबई महाराष्ट्रात यायलाच हवी, यावर तू माझ्याइतकाच पेटायचास. पण मग मध्येच तुझं ते. "महाबळेश्वर आत्ता काय दुसऱ्याच्या मुलखात आहे? तिथल्या व्हरांड्यात आपल्यातला कोण बसलाय? मी आहे तिथं, पण मी चहा घेऊन उभा असतो."

"म्हणून मुंबई सोडायची?"

"सोडायची कोण म्हणतो, गाढवा? मी विचारतो, मिळाल्यावर व्हरांड्यात कोण बसणार ते आत्ताच ठरवा."

मी म्हणालो, आधी मिळू दे. तू म्हणालास, तेच तर. आणि मी तावातावानं उठून गेलो, कारण मला उत्तर सुचलं नव्हतं. आज सुचलंय. आज माझ्याकडे एक चांगलं, खणखणीत उत्तर आहे आणि ते ऐकायला तू नाहीस. च्यायला, असं भांडण अर्धं टाकून जातात का?

त्या दुपारचं मला पार्वतीकाकूंनी सांगितलं, तळमजल्यावरच्या. आपलं मैदान म्हणजे काय, गिरणीची मागची भिंत आणि चाळ यांच्यामधली मोकळी जागा. मोकळी म्हणायची फक्त. सकाळी पापड, दुपारी गोधड्या, मग पोरांच्या गोट्या, संध्याकाळी बाजली. फक्की मारायची तर प्रत्येक बाईच्या विनवण्या करा, आणि रेषा ओढून होतात न होतात तोच त्यावरून कोणी तरी बादली घेऊन जाणार. त्या दिवशी संचारबंदी. गोधडी नाही, पापड नाही, एक पोर नाही. काकी डुलकीत होती. तू डबडं घेऊन खाली उतरलास. पार्वतीकाकू खिडकीच्या फटीतनं ओरडल्या, "अरे मेल्या, आत ये, बाहेर काय चाललंय दिसत नाही?" तू हसलास म्हणे. "काकू, बघा तरी जागा कशी दिसतेय. अशी रिकामी परत कधी मिळायची?"

आणि दोरी ताणायला वाकलास.

जगात दुसऱ्या कोणाला हे सुचेल का? संचारबंदी लागली म्हणजे मैदान मोकळं सापडलं! डॉक्टरला सांग, वकिलाला सांग, कोणाला पटणार नाही. मला मात्र ऐकताक्षणी पटलं. आपल्यातला कोणीही हेच करून बसला असता. म्हणून तर एवढा राग येतो.

तुला नेलं तेव्हा फार माणसं येऊ दिली नाहीत. खांदा बदलायला माणूस नव्हतं. चाळीतल्या गॅलऱ्या मात्र खच्चून भरल्या होत्या, आणि कोणी ओरडत नव्हतं.

काल रात्रशाळेचे मास्तर आले. चांगला माणूस आहे, तुला ठाऊक आहे, डोळे सुजले होते त्याचे. म्हणाले, उद्या संध्याकाळी मैदानात शोकसभा आहे, तू कॅप्टन, तू बोल. गणपत मोर्च्याच्या आघाडीला होता, छातीवर गोळी झेलली, असं सांग. फलकावर आम्ही तेच लिहिलंय. मी म्हटलं, मास्तर, तो फक्की मारत होता. ते म्हणाले, "सदा, तो ह्या आंदोलनातच गेला ना? मग तो पुढं होता का मागं होता ह्यानं काय फरक पडतो?"

मला वाटलं, खरंच, काय फरक पडतो? हुतात्मा म्हणाले तर म्हणू देत. तुझं नाव चौकात लागेल. माटुंग्याच्या पाचगणीवाल्यांनी तर त्या नावाला हातच जोडले असते.

पण फरक पडत होता, आणि तो वर तिसऱ्या माळ्यावर बसला होता. काकी. तू आघाडीला होतास, हे बायकांनी तिला आधीच जाऊन सांगितलं होतं, तेवढाच अभिमान वाटेल म्हणून. तेव्हापासून तिनं तोंडात पाणी घेतलं नव्हतं. भिंतीला पाठ लावून बसली होती आणि एक हात गळ्यावर. बायकांना वाटलं, घसा सुकलाय. मला बघताक्षणी कळलं. तिच्या गळ्याची शपथ होती. तू ती मोडलीस आणि गेलास, असं तिला सांगितलं गेलं होतं. पोरगा गेला तो गेला, वर आणि जाताना आईचा शब्द मोडून गेला.

मी ठरवलं, गेली चुलीत शोकसभा. काकीला खरं सांगायचं. मनात कुठं तरी बरं वाटत होतं मला, गणू. वाटलं, एवढं एक काम तरी तुझ्यासाठी होईल. तिचा हात गळ्यावरून खाली येईल.

आज सकाळी गेलो. बायकांना बाहेर बसवलं. तिच्यासमोर मांडी घातली. तिनंच विचारलं, आवाज पार बसलेला.

"सदा, माका खरा सांग. तो मोर्च्यात गेल्लो काय रे?"

"नाही काकी. तुमच्या पायाशपथ नाही. तो खाली मैदानात होता. रविवारच्या सामन्यासाठी रेषा मारत होता. तुमची शपथ त्यानं मोडली नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल, आता मोकळी होईल. मी पाण्याचा पेला पुढं केला.

"मैदानात?"

"हो."

"वांगडाक कोण होता तेच्या?"

"कोणी नाही काकी. एकटाच होता."

"कोणच नाय?"

"पार्वतीकाकू खिडकीत होत्या. पण दार उघडून येईपर्यंत…"

तिनं पेला हातात घेतला, बघितला आणि तसाच खाली ठेवला. ओरडली नाही, काही नाही. कोणाला तरी समजावून सांगावं तशी हळू बोलली.

"मोडल्यान असती तरी चलला असता रे. मोर्च्यात असतो तर माणसांत तरी असतो. कोणीतरी मांडयेर डोक्या घेतल्यान असता."

गणू, मी नाक्यावर होतो. आम्ही तिथं हजारांनी होतो.